कापलेले खोकले

हे खरं आहे. कुणा लांबच्या काकांनी सांगितलेलं नाही, माझ्यासोबत घडलंय. अजून घडतंय, म्हणून लिहितोय.

या पेजवर तुम्ही अमावास्या वाचता, वडाचं झाड वाचता, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई वाचता. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. रविवार, १६ फेब्रुवारी २०२५. दुपारचे तीन. दिवा पूर्वेला एका बिल्डिंगचा चौथा मजला, आणि तिथलं छोटंसं किचन. बाहेर ऊन रणरणत होतं. खाली पाण्याच्या टँकरसाठी ड्रमांची रांग लागलेली.

असल्या गोष्टी भर दुपारी होत नाहीत असं मलाही वाटायचं.

आधी सम्यकबद्दल सांगतो.

सम्यक माझा कॉलेजपासूनचा मित्र. ठाण्यात आम्ही तीन वर्षं एका बाकावर काढली. पुढे तो कल्याणच्या एका शाळेत लॅब असिस्टंट झाला आणि मी डोंबिवलीतल्या एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला लागलो. आम्हाला दोघांना एकच वेड होतं. 'तारकाटपाल'.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. ही विज्ञानकथांची श्राव्यमालिका आहे, नुसती कानाने ऐकायची. कॅप्टन हिराबाई एका जुनाट यानातून ग्रहाग्रहांवर टपाल पोचवते आणि प्रत्येक भागात नव्या लफड्यात अडकते. सत्तावीस वर्षं चालू आहे. आधी कॅसेटवर यायची, मग सीडीवर, आता मोबाईलवर येते. हिराबाईचा आवाज देणारी बाई तीनदा बदलली. कुठली हिराबाई खरी, यावरून आम्ही श्रोते एकमेकांची डोकी फोडायला तयार असतो.

लॉकडाऊनमध्ये आम्ही एक चॅनल काढलं. नाव 'कान देऊन'. दर आठवड्याला 'तारकाटपाल'च्या एका भागाचं परीक्षण. बोलायचा सम्यक. एडिट करायचो मी.

आमच्या घरी रेकॉर्डिंग शक्यच नव्हतं. आम्ही कळव्याचे कोळी. आई मासळी विकते. तिने बाजारात हाक मारली की खाडीपलीकडचा माणूस वळून बघतो.

म्हणून दर रविवारी तीन वाजता सम्यकच्या किचनमध्ये. खिडकीवर गोधडी, टाइल्सच्या भिंतीला गादी उभी. पंखा बंद. फ्रिज बंद, कारण त्याची घरघर माईकमध्ये येते. आणि नंतर फ्रिज चालू करायला विसरू नये म्हणून सम्यक घराच्या चाव्या फ्रिजमध्ये ठेवायचा. चाव्या घ्यायला गेला की आठवायचंच. ही युक्ती सापडायच्या आधी दोनदा दूध नासलं होतं, आणि दोन्ही वेळा शिव्या मी खाल्ल्या होत्या.

शिव्या देणारी त्याची आई. रमाबाई. मी मावशी म्हणतो. महापालिकेच्या शाळेत आया होत्या, आता रिटायर. रेकॉर्डिंग चालू असताना त्या बाहेर पॅसेजमध्ये स्टुलावर बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना "शूऽऽ, दादाचं काम चाललंय" म्हणून गप्प करायच्या.

परीक्षण सम्यकनेच करावं. संगीत चांगलं, अभिनय चांगला, पाच तारे, असलं काही नाही. तो म्हणायचा, "कानाला दिसलं पाहिजे." हिराबाई जिना चढते तेव्हा तिला धाप लागते का? चहा पिते तेव्हा गरम आहे हे कळतं का? मालिका मोबाईलवर आली आणि आवाज फार साफ करायला लागले, तेव्हा त्याने एका भागाला पाचपैकी एकच तारा दिला. म्हणाला, "यांनी श्वास कापलेत. बाई मेल्यासारखी बोलतेय."

त्या वाक्यानंतर तो खोकला.

मी तो खोकला कापला.

माझं कामच होतं ते. खोकला, थुंकी गिळल्याचा आवाज, खुर्चीची करकर, सगळं कापायचं. सम्यक खोकला की थांबायचा, पाणी प्यायचा, तेच वाक्य परत बोलायचा. मी वाक्य ठेवायचो, खोकला उडवायचो. स्क्रीनवर आवाजाची रेघ दिसते, त्यात खोकल्याचा उंच डोंगर लगेच ओळखू येतो. ऐकायची पण गरज नाही. चुकलेल्या वाक्याला लाल खूण, खोकल्याला पिवळी. मग एक बटण दाबलं की सगळ्या पिवळ्या जागा गायब.

"असू दे रे थोडं," तो म्हणायचा.

"प्रोफेशनल वाटत नाही," मी म्हणायचो.

आणि काम झालं की मूळ रेकॉर्डिंग डिलीट. ड्राइव्हवर जागा लागते ना.

२०२४ च्या उन्हाळ्यात मावशींनी एकदा मला जिन्यात थांबवलं. "केतन, रेकॉर्डिंगमध्ये खोकला येतो का रे त्याचा?"

मी हसलो. छाती फुगवून म्हणालो, "एक पण ठेवत नाही मावशी!"

त्या मग म्हणाल्या, "डॉक्टरकडे ने ना त्याला. माझं ऐकत नाही. गोधडीची धूळ आहे म्हणतो. तुझं ऐकेल."

"हो मावशी. नेतो."

नेलं नाही. लग्नसराई होती. मग पाऊस सुरू झाला. मग विसरलो. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. खूप शोधलं, नाहीच आहे.

२५ ऑगस्टला एकशे नव्व्याण्णवाव्या भागाचं परीक्षण रेकॉर्ड झालं. त्यानंतर आठवड्याभरात सम्यकला दम लागून ॲडमिट केलं. ऑक्टोबरमध्ये तो गेला. तेहतीस वर्षांचा होता. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं आधीच कामातून गेली होती, चार-पाच महिने लवकर आणायला हवं होतं.

पुण्यानुमोदनाला घर भरलेलं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोखाली सम्यकचा फोटो. त्याची बहीण संचिता नाशिकला असते. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"दर आठवड्याला चॅनलवर ऐकायचे त्याला," ती म्हणाली. "आवाज एवढा खणखणीत... म्हणून मी निवांत होते रे."

मी उठून आलेल्यांना पाणी द्यायला लागलो. 

घरी येऊन मी कॉम्प्युटर उघडला. मूळ आवाज गेले होते, पण एडिटिंगच्या फाइलींमध्ये खुणा राहिल्या होत्या. पिवळ्या. मी मोजल्या. १४ जानेवारीच्या रविवारी सहा. पुढच्या रविवारी सहा. मग सात. मग नऊ. मार्चच्या सुरुवातीला एकोणीस. जूनमध्ये बेचाळीस. २५ ऑगस्टला एकाहत्तर.

तेहतीस रविवार. मी एका कागदावर आकडे लिहून काढले. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, पिवळ्या रंगात. आणि मी बटण दाबत होतो.

डिसेंबरमध्ये मावशींचा फोन आला.

"केतन, ते तुमचं चॅनल लावून दिलं शेजारच्या पोरीने. ऐकलं मी."

"हां मावशी."

"तो नाहीये तो. श्वासच घेत नाही. माझा पोरगा असा नव्हता बोलत. तुझ्याकडे दुसरं असेल ना? कच्चं? खोकतो तसं? मला तेच दे. बाकी काही नको मला."

मी म्हणालो, "शोधतो."

शोधण्यासारखं काही नव्हतंच. पण त्या दर आठवड्याला विचारायच्या, "सापडलं का?" आणि मी म्हणायचो, "शोधतोय मावशी." खरं सांगायची हिंमत झाली नाही. एका आईने आपल्या पोराचा आवाज मागितला होता आणि मी तो जागा लागते म्हणून फेकून दिला होता.

फेब्रुवारीत 'तारकाटपाल'चा दोनशेवा भाग आला. निर्मात्यांनी खास म्हणून सहा महिने लांबवलेला. श्रोत्यांचे मेसेज यायला लागले. मावशीच म्हणाल्या, "तू बोल. त्याचे दोनशे पूर्ण कर. इथेच ये, त्याच्या जागेवर."

म्हणून १६ फेब्रुवारी. म्हणून दुपारचे तीन.

गोधडी लावली. गादी उभी केली. मावशी सवयीने स्टूल घेऊन बाहेर बसल्या. मी दार लावलं, हेडफोन घातले, रेकॉर्ड दाबलं.

"नमस्कार, 'कान देऊन'मध्ये तुमचं स्वागत. मी... केतन."

पुढे पाचएक मिनिटं अडखळत बोललो असेन. मग एकदम लक्षात आलं.

फ्रिज बंद करायला मी विसरलो होतो.

पण घरघर येत नव्हती.

फ्रिजकडे बघितलं. बटण वर... बंद.

मावशींनी केला असेल असं म्हटलं आणि पुढे बोलायला लागलो. दोनशेव्या भागात हिराबाई एका हवा नसलेल्या ग्रहावर उतरते. हवा नाही म्हणजे आवाज नाही. तिथे मालिकेवाल्यांनी चाळीस सेकंद पूर्ण शांतता ठेवलीय. ऐकायच्या मालिकेत चाळीस सेकंद काहीच नाही! सम्यक या चाळीस सेकंदांवर तासभर बोलला असता. मला एवढंच सुचलं, की तो तुकडा श्रोत्यांना ऐकवावा.

लावला. शांतता सुरू झाली.

पाच सेकंद... दहा...

हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास घेतला.

मी माझा श्वास रोखला. तो चालूच होता... आत, बाहेर. शेवटाला किंचित शिट्टीसारखा आवाज.

मग कागद उलटल्याचा आवाज. सम्यक लाइटबिलांच्या मागे मुद्दे लिहायचा, आणि ते कागद असेच वाजायचे.

मग... एक खोकला. छोटा. तोंडावर हात धरून, दुसऱ्याच्या कामात अडथळा नको म्हणून खोकतात तसा.

समोरची खुर्ची रिकामी होती.  पण खरं सांगू? पळावंसं नाही वाटलं. थांबावंसं वाटलं. आपण बोलायचं थांबलो तर तोही जाईल असं वाटलं, म्हणून मी बोलत राहिलो. रडत रडत बोललो. ते परीक्षण मी कधीच टाकू शकणार नाही इतकं वाईट आहे.

संपल्यावर फ्रिज चालू करायला उठलो. दार उघडलं. दुधाच्या पातेल्याशेजारी चाव्या होत्या.

माझ्या नाही. सम्यकच्या. त्याच्या फोटोखालच्या खिळ्याला चार महिने अडकवलेल्या.

"मावशी, फ्रिज तुम्ही बंद केलात?"

"मी कशाला? मी उठले पण नाही इथून."

मी रेकॉर्डिंग लावून बघितलं. बावीस मिनिटं चौदा सेकंद. माझा रडका आवाज, आणि जिथे जिथे मी थांबलो तिथे तो. शब्द एकही नाही. नुसता श्वास, कागद, आणि खोकले. सहा.

मावशींच्या कानाला हेडफोन लावले. त्यांनी डोळे मिटले. पहिला खोकला आला आणि त्यांचा हात आपसूक पुढे गेला, पाठीवरून फिरवावा तसा हवेतच फिरला.

"हा," त्या म्हणाल्या. "हा माझा. कुठे सापडलं रे?"

"इथेच," मी म्हणालो.

फाइल त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून दिली. त्या दर रविवारी तीनला ऐकायला लागल्या. जेवायला लागल्या नीट. संचिताचा मला फोन आला, "आईला काय दिलंस रे? सावरलीय." मला वाटलं सुटलो. सम्यकने मला माफ केलं असं वाटलं.

एप्रिलमध्ये मावशी म्हणाल्या, "केतन, खोकला वाढलाय रे त्याचा."

मी समजावलं. "मावशी, रेकॉर्डिंग आहे ते. आहे तेवढंच असतं."

तरी त्या रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत माझी कॉपी उघडली. बावीस मिनिटं चौदा सेकंद. एक सेकंद कमी नाही, जास्त नाही. पण रेघेवर डोंगरच डोंगर.

शेजारच्या टेबलवर कादंबरी नावाची मुलगी बसते. माझ्यासारखीच एडिटर. काही न सांगता तिच्या कानाला हेडफोन दिले. "यात खोकले किती आहेत मोज ना."

तिने मोजले. "चोवीस. साफ करून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावू नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की मालक केबिनमधून बाहेर आला.

घरी जाऊन कागद काढला. तेहतीस आकड्यांचा. १६ फेब्रुवारीपासून रविवार मोजत आलो. नववा रविवार होऊन गेला होता. नवव्या रविवारापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं... चोवीस.

तेव्हापासून दर रविवारी तीनला मोजतोय. एकही आकडा चुकलेला नाही. जून, जुलै, ऑगस्ट. आता तो कागद बघून श्वास पण ओळखता येतो, कुठल्या रविवारी किती तुटणार. शेवटचा आकडा एकाहत्तर. २८ सप्टेंबर. त्यानंतर कागदावर काही नाही.

त्यानंतर काय झालं होतं ते आम्हाला दोघांनाही माहीत आहे.

७ सप्टेंबरला मावशींनी मला बोलावून घेतलं. मोबाईल मांडीवर होता. खोकले बासष्ट झाले होते. त्या रडत नव्हत्या.

"मागच्या वेळी मी तुला जिन्यात सांगितलेलं. तू नेतो म्हणालेलास."

"मावशी, तो..."

"मला माहितीये तो कुठेय. मला शिकवू नको. खोकतोय ना तो? मग या वेळी तरी ने."

तुम्ही मला वेडा म्हणाल. म्हणा. सोमवारी सुट्टी टाकून मी सरकारी हॉस्पिटलच्या रांगेत उभा राहिलो. दीड तासाने खिडकी आली.

"पेशंटचं नाव?"

"सम्यक."

"वय?"

"तेहतीस."

"काय होतंय?"

"खोकला. सात महिने झाले."

"पेशंट कुठाय?"

"येतोय," मी म्हणालो.

केस पेपर मिळाला. नंबर लागला तेव्हा मी एकटाच आत गेलो. तरुण डॉक्टर होत्या, थकलेल्या. म्हटलं, पेशंटला चालवत नाही, खोकला रेकॉर्ड करून आणलाय, फक्त ऐका. त्या वैतागल्या, पण इअरफोन कानाला लावले. अर्धं मिनिट ऐकलं. मग वैताग गेला त्यांच्या चेहऱ्यावरचा.

"सात महिने काय करत होता तुम्ही लोक?" त्या म्हणाल्या. "उद्याच्या उद्या घेऊन या. अजून वेळ गेलेली नाही."

अजून वेळ गेलेली नाही.

मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि कितीतरी वेळ रडलो. आजूबाजूला कुणी विचारलं नाही. तिथे माणसं रडतच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दिव्याला गेलो. मावशींना शब्द न् शब्द सांगितला. त्यांनी मान डोलावली. कपाटातून सम्यकचा निळा शर्ट काढला, इस्त्रीचा, आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग किचनकडे तोंड करून हाक मारली, अगदी रोजच्यासारखी.

"सम्यक, ऊठ रे. केतन आलाय न्यायला."

मोबाईल माझ्या खिशात होता. बंद. मावशींचा चार्जिंगला, समोर.

आणि किचनमधून...

तो खोकला.

हेडफोनमधून नाही. भिंतीपलीकडून. ओला, लांबलेला, आता दाबता न येणारा.

मी केस पेपर घेऊन किचनच्या दाराशी गेलो. आत कुणी नव्हतं. तरी मी ते वाक्य बोललो, जे गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात बोलायला हवं होतं. "चल सम्या. डॉक्टरकडे जाऊ."

 मावशींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बस जरा," त्या म्हणाल्या. "आवरतोय तो."

मी बसलो. दुपार झाली, संध्याकाळ झाली. शर्ट खुर्चीवरच होता. दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिसऱ्या दिवशी पण. आता कामावर जायच्या आधी रोज जातो. मावशी चहा देतात. आतून खोकल्याचा आवाज येतो, आणि आम्ही दोघं दाराकडे बघत बसतो. संचिताला यातलं काही सांगितलेलं नाही. दोनच रविवार उरलेत.

केस पेपर चौदा दिवस चालतो. आज बारावा दिवस आहे.